पाच पंजांचा तवा

१

येशीमबेत गेली तेव्हा तिच्या घरात चिमूटभरही पीठ नव्हतं.

ईस्टरचा दुसरा दिवस होता. त्याआधीचा पंचावन्न दिवसांचा मोठा उपवास सुटलेला, त्यामुळे कोलमेदाच्या घराघरातून कोंबडीच्या रश्श्याचा खमंग वास सुटला होता. येशीमबेतची लेक वुबिट सासरहून आईसाठी वाडगाभर रस्सा घेऊन आली, तर आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, अंग थंडगार. वुबिटने तिला कुशीवरून वळवायला हात घातला. आई एखाद्या लहान पोरीएवढी हलकी झाली होती. उपवासात सगळेच वाळतात. त्या वाळण्यात ही बाई मूठभर भाजलेल्या जवावर दिवस काढत होती, आणि शेवटी शेवटी तेही सोडलं होतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

कोलमेदात माणूस गेलं की इदिरचे लोक येतात. इदिर म्हणजे गावाचं मयताचं मंडळ. तंबू ठोकायचा, बाकं मांडायची, घरच्यांना तीन दिवस चुलीपाशी जाऊ द्यायचं नाही, सगळं मंडळानं बघायचं. येशीमबेतने उभ्या जन्मात इदिरचं एक काम चुकवलं नव्हतं. दुसऱ्यांच्या मयताला तिने किती इंजेरा, म्हणजे तेफ या धान्याच्या आंबवलेल्या भाकऱ्या, भाजल्या असतील त्याला गणती नाही. पण तिच्या दारात तंबू लागला नाही. अनाथ मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाक करायची, आणि पीठ चोरल्याचा आळ घेऊन उपवासाच्या तोंडावर तिला काढलं होतं. म्हातारे बसले आणि एकमुखाने म्हणाले, "अनाथ पोरींच्या तोंडचा घास पळवणारीला तंबू नाही."

इदिरचे प्रमुख होते शंबल बेझुनेह. शंबल म्हणजे पोलिसातले कप्तान. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी गाव त्यांना त्याच नावाने हाक मारी. निर्णय घरी जाऊन सांगायचं काम त्यांचंच होतं. त्यांनी सांगितला. वुबिटने मान हलवली, बस्स. चार माणसांनी उचललं, एका पाद्र्याने घाईघाईने प्रार्थना म्हटली, आणि माती झाली.

चौथ्या दिवशी वुबिट शंबलच्या दारात येऊन उभी राहिली.

"गाशे," ती म्हणाली. वडीलधाऱ्याला म्हणतात तसं. "तुम्ही जन्मभर चोर धरलेत. माझी आई चोर म्हणता ना? मग माल कुठाय?"

"पोरी, वसतिगृहाचे पंच बसले होते. तिथली माणसं बसली होती..."

"पाच पोती तेफ! खाल्लं असतं तर अशी मेली असती? विकलं म्हणाल, तर घेणारा दाखवा एक तरी. पीठ काय अंगठी आहे, पदराला बांधून न्यायला?"

हे शंबलच्याही मनात येऊन गेलं होतं, पण निर्णय झाल्यावर.

"चाळिसाव्या दिवसाला तरी तंबू द्या," वुबिट म्हणाली. "नाहीतर तिनं ते पीठ कुठं पुरलं तेवढं सांगा. मी जाऊन उकरते."

शंबलनी खुंटीवरची शाल काढली आणि काठी हातात घेतली.

२

टेकडीवरचं मुलींचं वसतिगृह अत्सेदेबाई चालवत. फाटकाशी त्यांची खुर्ची असे आणि त्या खुर्चीत दिवसभर त्या असत. पांढरी शाल, ताठ कणा. चिमणी जरी आत आली तरी त्यांना विचारून यावी असा दरारा.

"गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये," त्या म्हणाल्या. "म्हणून मी बोलत नाही. तुम्ही विचारताय म्हणून सांगते, शंबल."

"सांगा."

"सप्टेंबरातल्या मेस्केल सणापासून जानेवारीतल्या तिमकत सणापर्यंत आम्हाला सोळा पोती तेफ लागायचं. वर्षानुवर्षं सोळा. इंजेराचा तवा होता चार पंजांचा. हात आडवा धरून मोजा, या कडेपासून त्या कडेपर्यंत चार पंजे. यंदा येशी माझ्या मागं लागली. म्हणे पोरी वाढत्या वयाच्या, अर्धपोटी उठतात, तवा जरा मोठा घेऊ. म्हटलं घे बाई. आणला तिनं कुंभारणीकडून, पाच पंजांचा."

"मग पीठ जास्त लागणारच."

"एवढं आम्हाला कळत नाही होय? सेयूम मास्तर गणित शिकवतात इथं, पंचांत पण आहेत. त्यांनी स्वतः पंजा लावून मोजलं. चाराचे पाच झाले, म्हणजे पाव हिस्सा वाढला. सोळा पोत्यांचा पाव हिस्सा चार. वीस पोती मंजूर केली. अन्याय केला का आम्ही? तवा दोन्ही अंगांनी वाढून वाढून वाढला किती, तर अर्धा अर्धा पंजा! आणि पोती संपली किती? पंचवीस!"

"इंजेरा जास्त भाजल्या असतील."

"एक नाही. टोपलीपाशी उभी राहून मी मोजते. डोईमागे सकाळी एक, संध्याकाळी एक. संख्या तीच, जाडी तीच."

"येशीमबेत काय म्हणाली यावर?"

"एकच धोशा. तवा खातो, तवा खातो. म्हटलं, तव्याला तोंड असतं का गं?" बाईंनी शाल सावरली. "कुणी म्हणालं कुंभारणीची दृष्ट लागली पिठाला. मी मानत नाही असलं काही. पण एक सांगू, शंबल? तिला काढलं, दुसरी बाई ठेवली, आणि त्या दिवसापासून पीठ पूर्वीसारखं पुरतंय. अगदी पूर्वीसारखं. चोर गेला आणि चोरी थांबली. आता बोला."

असा पुरावा नोकरीत असताना शंबलना मिळाला असता तर त्यांनी तिथंच प्रकरण मिटवलं असतं. उठता उठता त्यांनी सहज म्हणून विचारलं, "नवी बाई त्याच मोठ्या तव्यावर भाजते ना?"

"छे. तो फुटला. म्हणजे फोडला. येशीनंच, जाता जाता, रागानं. आता पुन्हा तो जुनाच चढवलाय."

शंबल पुन्हा खाली बसले.

३

कोठीवर ताफेसे नावाचा माणूस होता. सकाळीच त्याच्या तोंडाला अराकेच्या दारूचा वास यायचा आणि तो लपवायला तो तोंडात लवंग धरून बोलायचा.

"रिकामी पोती दाखव," शंबल म्हणाले.

"कसली पोती, गाशे?"

"पंचवीस पोती संपली ना? मग पंचवीस रिकामी कुठंतरी असतील."

ताफेसेने कोपऱ्यात बोट दाखवलं. शंबलनी काठीने उलथून पाहिली. सहा-सात होती. लवंग चघळायची थांबली.

"बाकीची?"

"उंदरांनी..."

"उंदरांनी अठरा पोती खाल्ली?"

ताफेसेने हात जोडले. "पाया पडतो, गाशे, बाईंना सांगू नका. रिकामी दिली मी, कोळसेवाल्यांना. एका पोत्याला पेलाभर अराके, असं. पण भरलेलं एक नाही! मरियमची शपथ! अहो, भरलेलं पोतं पाठीवर घेऊन जाणार कुठनं? दार एकच, आणि त्या दारात ही बाई बसलेली. मी खोकलो तरी विचारते कशाला खोकलास म्हणून."

"मग भरलेल्याचं काय व्हायचं?"

"मीच उचलायचो आणि स्वयंपाकघरातल्या कणगीत ओतायचो. पंचवीसच्या पंचवीस माझ्या या खांद्यावरनं गेली. पुढचं मला ठाऊक नाही."

"येशीमबेत घरी जाताना काही न्यायची?"

"न्यायची? तिला झाडून सोडायचे! वीस पोती संपल्यावर तर रोज बाई स्वतः तिचा पदर झटकायच्या. तोंड लाल व्हायचं बिचारीचं. एक दिवस मला म्हणाली, ताफेसे, माझ्या हातातनं जातंय आणि मला दिसत नाही रे."

म्हणजे पीठ स्वयंपाकघरात गेलं, आणि स्वयंपाकघराबाहेर पडलं नाही. शंबलनी कणगी पाहिली, चुलीमागची भिंत ठोकली, फरशी ठोकली. कुठं बीळ नाही, पोकळी नाही. नवी बाई जुन्या तव्यावर आंबवलेलं पीठ गोल गोल ओतत होती. त्यांच्याकडे तिने वर मान करून पाहिलंसुद्धा नाही.

"आणि तो मोठा तवा?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं. "कधी फुटला?"

"मोठ्या उपवासाचा पहिला रविवार. सगळं गाव चर्चमध्ये. परत येऊन बघतो तर चुलीवर खापऱ्या."

"येशीनं फोडला म्हणतात."

"म्हणतात खरं..." ताफेसे डोकं खाजवू लागला. "पण गाशे, आता तुम्ही विचारताय म्हणून आठवतं, त्या दिवशी ती चर्चच्या पायरीवर कपाळ टेकून पडली होती की! सकाळपासून शेवटपर्यंत. मी चोरलं असेल तर माझ्या पोटात अन्नाचा कण राहू नये, अशी शपथ घेत होती. लोक तिच्या अंगावरून ओलांडून आत जात होते. तुम्ही नव्हता का?"

शंबल होते. तेही ओलांडून गेले होते.

"तू कुठं होतास तेव्हा?"

"मी अराकेवालीकडं. ती सांगेल. रविवारी बाकी सगळे चर्चला, म्हणून तिथं मी एकटाच गिऱ्हाईक."

"म्हणजे वसतिगृहात कुणीच नव्हतं."

"कुणी नाही. फाटकाला बाहेरून कुलूप." ताफेसेने लवंग थुंकली. "आत सेयूम मास्तर तेवढे होते, वह्या तपासत."

४

गणिताच्या मास्तराला मातीच्या तव्याचं काय वाकडं? शंबलना हे कोडं सुटेना. त्याने पीठ चोरावं तर ते नेणार कुठं. आणि चोरलं तरी तवा फोडून काय मिळणार? तवा फुटला, जुना चढवला आणि पीठ पुरायला लागलं. चोर बाई गेली म्हणून पुरायला लागलं, की मोठा तवा गेला म्हणून? दोन्ही एकाच आठवड्यात झालं. गावाने पहिलं धरलं. दुसरं कुणी धरून पाहिलं नव्हतं, कारण तव्याचा वाटा तर मास्तरांनी आधीच देऊन टाकला होता. पाव हिस्सा.

कुंभारीण बिर्के गावाबाहेर ओढ्याकाठी राही. कुंभारांची नजर वाईट म्हणून लोक तिच्याकडे कामापुरते जात, उभ्या उभ्या. शंबल तिच्या अंगणात दगडावर बसले तशी ती चपापली.

"नजर लागेल माझी, शंबल."

"या वयात लागून काय बिघडणार? येशीमबेतला पाच पंजांचा तवा तूच दिलास ना?"

"मीच. पुन्हा म्हणून तसला करणार नाही." तिने मातीचे हात झाडले. "दिसायला वीतभरसुद्धा मोठा नाही, पण माती किती खातो! मला वाटलं, थोडी जास्त घेतली की होईल. पुन्हा आणली, पुन्हा आणली. कड काही पुरी होईना."

शंबलच्या हातातली काठी थांबली. येशीमबेत म्हणाली होती, तवा खातो. ही दुसरी बाई, हिचं तेफशी काही देणंघेणं नाही, आणि हीही म्हणते खातो.

अचानक त्यांना बापाचं खळं आठवलं. मध्ये खुंटी, खुंटीला दोरी, दोरी ताणून बाप फिरत फिरत रेघ मारायचा, आणि त्या गोलात आई शेणाने सारवायची. एका सालात पीक चांगलं आलं म्हणून बापाने दोरी थोडी लांबवली. 'थोडी' म्हणाला. आईने नेहमीच्या टोपल्यांवर एखाद-दुसरी जादा आणली होती. शेण संपलं, आणि गोलाची सगळी बाहेरची पट्टी कोरडीच राहिली. आई तिथं कमरेवर हात ठेवून उभी होती आणि बाप तिच्यावरच ओरडत होता, "सगळं शेण गेलं कुठं?"

त्यांनी काठीच्या टोकाने धुळीत एक चौकोन काढला, चार पंजे लांब, चार पंजे रुंद. आत पंजापंजावर रेघा मारल्या. घरं मोजली. सोळा. शेजारी पाच पंजांचा चौकोन काढला. घरं मोजली. मग पुन्हा मोजली.

पंचवीस.

प्रत्येक चौकोनाच्या आत त्यांनी चारी कडांना शिवेल असा गोल काढला. कोपऱ्यांतून काही सुटलं, पण लहानात ज्या हिश्शाने सुटलं त्याच हिश्शाने मोठ्यातही सुटलं. गोल काय, चौकोन काय, सोळाला पंचवीस हे काही बदलेना. खुंटीपासून कडेपर्यंत मोजा, नाहीतर कडेपासून कडेपर्यंत मोजा. तवा एका अंगाने वाढत नाही. तो लांबीत वाढतो आणि रुंदीतही वाढतो, आणि पीठ तर सगळ्या गोलभर पसरतं. मास्तरांनी एकदाच पाव हिस्सा दिला. द्यायला हवा होता दोनदा: सोळाचे वीस, आणि विसाचे पंचवीस.

चोरी झालीच नव्हती. पाच पोती जिथं जायची तिथंच गेली होती, पोरींच्या पोटात.

शंबलना आनंद वगैरे काही झाला नाही.

"काय काढलंत हे?" बिर्के म्हणाली. "मास्तर पण इथंच बसून असल्याच रेघा ओढत होते."

"कोण मास्तर?"

"सेयूम मास्तर. उपवास लागायच्या आधी आले होते. तव्याचं माप विचारलं, रेघा ओढल्या, पायानं पुसल्या. जाताना म्हणाले, वसतिगृहाला पाच पंजांचा तवा पुन्हा कुणी मागितला तर देऊ नकोस."

५

वसतिगृहातली शाळा सुटत होती. फाटकाशी सातवीतल्या एका पोरीला शंबलनी थांबवलं. "बाळ, वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकलीस का गं?"

"नाही, अबाबा," ती आजोबांना म्हणतात तसं म्हणाली. "पुस्तकात आहे. पण मास्तर म्हणाले, यंदा तो धडा सोडायचा."

वर्गात सेयूम मास्तर एकटेच होते. तिशीचे असतील, मानेवर हाडं दिसणारे. शंबलनी काही न बोलता खडू उचलला, फळ्यावर दोन वर्तुळं काढली, एकात चार लिहिलं, एकात पाच.

"मास्तर, हे व्यास. दुसरं वर्तुळ पहिल्याच्या किती पट?"

मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं. मग फडकं घेतलं आणि सावकाश दोन्ही वर्तुळं पुसली. पुसून झाल्यावरही हात फिरतच राहिला.

"व्यास घ्या नाहीतर त्रिज्या घ्या, वर्ग करावा लागतो," ते भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले. "सातवीच्या पोरीला येतं. मी केला नाही. पंचांनी उभ्या उभ्या विचारलं, मी उभ्या उभ्या सांगून मोकळा झालो. तेव्हा खरंच चुकलो, शंबल. त्या वेळी मनात पाप नव्हतं."

"आणि नंतर?"

"नंतर ती आली. हाताला पीठ तसंच. म्हणाली, मास्तर, परत एकदा मोजा, तुम्ही शिकलेले आहात, माझ्याकडून काहीतरी चुकतंय. ती गेल्यावर मी बिर्केकडं गेलो आणि मोजलं."

"म्हणजे चर्चच्या पायरीवर ती शपथ घेत होती तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

"आणि त्याच वेळी तुम्ही इथं तिचा तवा फोडत होता."

"मला वाटलं..." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "मला वाटलं, तवा नसला की पुन्हा पीठ कमी पडणार नाही. पीठ कमी पडलं नाही की पुन्हा कुणी हिशेब मागणार नाही. तिला काढून तर टाकलंच होतं, दुसऱ्या कुणाच्या चुलीवर काम मिळालं असतं. माझी नोकरी कायम व्हायची होती. मोठ्या तव्याला पंचवीसच लागतात हे एकदा बाहेर आलं असतं तर गणिताच्या मास्तराला गणित येत नाही म्हणून..."

"पीठ पुरायला लागलं आणि लोकांना पुरावा मिळाला. चोर गेला, चोरी थांबली."

"ते मला आधी सुचलं नाही. सुचलं तेव्हा ती घराबाहेर पडायची बंद झाली होती."

"घरी जाऊन सांगायचं होतंत."

"गेलो होतो एकदा. दारापर्यंत." मास्तर बाकावर बसले. "आतून आवाज येत होता. एकटीच मोजत होती. सोळा आणि चार वीस. सोळा आणि चार वीस. मी परत फिरलो."

बाहेर पोरींचा गलका दूर जात होता. मास्तरांनी विचारलं, "माझं काय करणार?"

"काय करणार? चुकलेल्या गणिताला कायद्यात कलम नाही. गप्प बसण्यालाही नाही. मातीचा तवा फोडला त्याचा काय दंड होईल तो होईल."

शंबल दारापाशी गेले, थांबले. नोकरीत असताना आरोपीने कबुली दिली की ते मोकळा श्वास घेत. आज तो येईना.

६

वुबिटला त्यांनी सगळं तिच्या आईच्याच घरात बसून सांगितलं. धुळीत काढल्या होत्या तशा रेघा त्यांनी चुलीच्या राखेत काढून दाखवल्या तेव्हा ती वाकून बघत राहिली.

"म्हणजे कुणीच नेलं नाही," ती म्हणाली.

"कुणीच नाही."

"चोर सापडला असता तर बरं झालं असतं, गाशे. त्याला शिव्या घालता आल्या असत्या." तिने राखेवरून हात फिरवला. "शेवटी शेवटी आई मला काय म्हणायची माहितीये? वुबिट, मीच तर झोपेत उठून कुणाला देत नसेन ना गं? मी तिला म्हटलं, असं कसं होईल. पण मी ठामपणे नाही म्हटलं का, हे आता मला आठवत नाही. मरताना तिचा स्वतःवरही भरवसा राहिला नव्हता."

शंबल काठी टेकत उठले.

रविवारी वसतिगृहाच्या आवारात त्यांनी इदिरचे म्हातारे बोलावले. पंचही आले. अत्सेदेबाई खुर्चीत. सेयूम मास्तर आले नाहीत. त्यांनी शनिवारीच सामान बांधलं होतं. बिर्केने शब्द मोडून पाच पंजांचा एक तवा करून दिला होता, आणि तिला आवारात घ्यायचं की नाही यावरच आधी थोडी बाचाबाची झाली. शेवटी ती फाटकाबाहेर उभी राहिली.

सारख्या पिठाची दोन भांडी ठेवली होती. नवी स्वयंपाकीण दोन चुलींवर भाजत गेली आणि म्हातारे मोजत गेले. एका भांड्यात लहान तव्यावर पंचवीस इंजेरा झाल्या. दुसऱ्या भांड्यात मोठ्या तव्यावर सोळा झाल्या आणि भांडं खरवडूनही सतरावी होईना.

म्हाताऱ्यांनी दोन्ही चळती पुन्हा मोजल्या.

"मग..." एक म्हातारा म्हणाला. "मग पीठ गेलं कुठं?"

शंबलनी भिंतीपाशी रांगेने बसलेल्या पोरींकडे बोट केलं. "त्यांच्यात. त्या चार महिन्यांत यांच्यातल्या किती आजारी पडल्या, विचारा बाईंना."

अत्सेदेबाई ताठच होत्या. "एकही नाही," त्या म्हणाल्या. मग, खालच्या आवाजात, "मला वाटलं यंदा हवा चांगली आहे."

एका पोरीने धीर करून विचारलं, "बाई, आता मोठा तवा परत येणार?"

"नाही," बाई म्हणाल्या. "एवढं पीठ आणणार कुठनं?"

त्यात खोटं काही नव्हतं. त्या वर्षी पावसाने डोळे वटारले होते आणि बाजारात तेफ दिसेनासं झालं होतं. येशीमबेतने पोरींना जे चार महिने पोटभर दिलं, ते कुणी ठरवून दिलंच नसतं. चुकून दिलं गेलं आणि त्याबद्दल तिला चोर ठरवलं गेलं. बिर्केने आपला तवा स्वतःच उचलून परत नेला.

तंबू मंजूर झाला. हात वर करताना म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. एक जण पुटपुटला की मास्तराला धरून आणायला हवा. दुसरा म्हणाला, त्यानं एकट्यानंच मारलं का तिला? तंबू तर आपण नाकारला. त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं.

चाळिसाव्या दिवशी येशीमबेतच्या दारात तंबू उभा राहिला. चांगला मोठा. बाकं आली, हंडे आले. इदिरच्या बायका पहाटेपासून राबत होत्या, कधी कुणासाठी राबल्या नसतील तशा. पाद्री घाई न करता प्रार्थना म्हणत होता. सगळं झाल्यावर लोक रांगेने तंबूत यायला लागले आणि तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं की घरच्यांच्या बाकावर कुणीच बसलेलं नाही.

"वुबिट कुठाय?"

ताफेसे धावत तिच्या सासरी जाऊन आला. ती आदल्या दिवशीच मिठाच्या ट्रकवर बसून गेली होती. कुठं, ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नवरा म्हणाला, तिला या गावाचं काही खाववत नाही म्हणाली.

रांग थांबली. घरचं माणूस नसेल तर सांत्वन कुणाचं करायचं? लोक शाली सावरत, खाकरत, एकमेकांच्या पाठीकडे बघत उभे राहिले. मग शंबल बेझुनेह उठले आणि जाऊन त्या बाकावर बसले, एकटेच, मधोमध.

रांग पुढं सरकली. रीत ठरलेली आहे. येणाऱ्याने वाकून म्हणायचं, देव तुम्हाला बळ देवो. घरच्याने म्हणायचं, देवाची इच्छा. म्हातारे वाकले. पंच वाकले. अत्सेदेबाई आल्या, त्यांना वाकताना त्रास झाला, तरी वाकल्या. "देव तुम्हाला बळ देवो," त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट बघत तशाच उभ्या राहिल्या.

शंबलनी तोंड उघडलं. पण जे झालं ते देवाने केलं होतं, एवढं खोटं त्यांच्याच्याने बोलवेना. त्यांनी नुसती मान हलवून बाईंना पुढं जायची खूण केली, आणि मागच्या माणसाकडे बघितलं.